गाव शहरात गेले, बंब कोणाचा?

आमच्या सासूबाईंना मराठी सगळे समजते. मालिका मराठी बघतात, भाजीवाल्याशी भाव मराठीतच करतात. पण घाईच्या वेळी त्यांच्या तोंडून कन्नडच निघते. दोन वर्षांपूर्वी शिमग्याच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, त्या परसातून ओरडत आल्या, ‘‘बेंकी हत्तैती! बर्री, बर्री!’’

मागच्या बाजूला गवताच्या दोन गंज्या होत्या. वरून गेलेल्या विजेच्या तारांची ठिणगी पडली असावी. वारा तर फाल्गुनातला. आम्ही घागरी घेऊन धावेपर्यंत पहिली गंजी धडाडून पेटली होती. सासूबाईंनी पुढे जाऊन म्हशींची दावी सोडली. दिरांनी फोन लावला. आमचे शिवार हद्दीलगत, मोबाईलला कधी अलीकडचा टॉवर लागतो, कधी पलीकडचा. त्या दिवशी पलीकडचा लागला. फोनवरच्या बाईंनी अगदी आपुलकीने विचारले, ‘‘कुठला तालुका? कागल का?’’ दीर म्हणाले, ‘‘नाही हो, निपाणी.’’ मग इकडचा नंबर, मग रस्ता सांगणे, मग वाट बघणे.

बंब आला. जवानांनी जीव तोडून काम केले आणि आग घरापर्यंत येऊ दिली नाही. पण तोवर दोन्ही गंज्यांची राख झाली होती आणि गोठ्याच्या कोपऱ्यात बांधलेले एक रेडकू गेले होते. कोणाला दोष द्यावा अशी गोष्ट नव्हती. अंतर होते, अरुंद रस्ता होता आणि त्यात गेलेली मिनिटे होती.

त्याच रात्री धाकट्या बहिणीचा फोन आला. तिला कोल्हापूरच्या वेशीवरच्या एका गावात दिली आहे. तिच्या गावात तेव्हा हद्दवाढीविरोधात बैठका चालल्या होत्या. आमच्याकडची बातमी ऐकून ती हळहळली आणि मग म्हणाली, ‘‘ताई, तुमच्याकडे बंब कुणाचा येतो गं? नगरपालिकेचा की ग्रामपंचायतीचा?’’ मी म्हटले, ‘‘सरकारचा येतो.’’ ती म्हणाली, ‘‘आमच्याकडे महापालिकेचा येतो, पण आम्ही महापालिकेत नाही. आणि महापालिकेत यायला आमचा विरोध आहे.’’

फोन ठेवल्यावर मला झोप लागेना. एकाच आईच्या दोन मुली, मध्ये एक नदी आणि एक टोलनाका. एकीकडे बंब राज्याचा, दुसरीकडे शहराचा. गाव शहरात गेले की बंब बदलतो का? बदलला तर लवकर येतो की उशिरा? घराघरांत हद्दवाढीवर बोलताना आपण घरपट्टी, पाणीपट्टी, रस्ते, गटारी सगळे काढतो. बंबाचे नाव मात्र कोणी काढत नाही. म्हणून हा लेख.

शहराच्या यादीत आहे, गावाच्या यादीत नाही

आधी मुळापासून बघू. १९९२ मध्ये राज्यघटनेत ७३वी आणि ७४वी दुरुस्ती झाली. पंचायतींनी कोणती कामे करावीत यासाठी अकरावी अनुसूची आली, तिच्यात २९ विषय आहेत. शेती, पिण्याचे पाणी, रस्ते, शाळा, जत्रा-बाजार असे सगळे. शहरांसाठी बारावी अनुसूची आली, तिच्यात १८ विषय आहेत. त्या १८ मध्ये अग्निशमन सेवा आहे. पंचायतींच्या २९ मध्ये ती नाही!

म्हणजे कागदोपत्री पाहिले तर आग विझवणे हे शहराचे काम, गावाचे नव्हे. आता आगीला हे कोण सांगणार? गवतगंजी गावात असते, उसाचे फड गावात असतात, काजूचे आणि फर्निचरचे कारखाने आता गावांच्याच हद्दीत उभे राहतात. आपल्या भागात एक उन्हाळा असा जात नाही, की ‘गवतगंजीला आग’ ही बातमी वाचायला मिळाली नाही.

ही पोकळी कशी भरायची, हे प्रत्येक राज्याने आपापल्या परीने ठरवले आहे. आणि इथेच अलीकडच्या आणि पलीकडच्या बंबात फरक पडतो.

अलीकडचा बंब, पलीकडचा बंब

कर्नाटकात अग्निशमन हे राज्याचे खाते आहे. १९६४ च्या अग्निशमन दल कायद्यावर ते उभे आहे. आज त्याला ‘अग्निशामक मत्तु तुर्तु सेवेगळु’ म्हणतात, म्हणजे अग्निशमन आणि तातडीच्या सेवा. बेळगाव, निपाणी, चिकोडी अशा ठिकाणी जी केंद्रे आहेत ती महापालिकेची किंवा नगरसभेची नाहीत, खात्याची आहेत. जवान खात्याचे, गाडी खात्याची, पगार राज्याच्या तिजोरीतून. त्यामुळे कोणत्या गावाला कोणत्या केंद्राचा बंब जाणार, हे शहराच्या हद्दीवरून ठरत नाही. गाव ग्रामपंचायतीत असो, पट्टण पंचायतीत असो की महापालिकेत, बंब तोच. गोव्यातही असेच आहे, तिथेही अग्निशमन दल राज्याचे.

महाराष्ट्रात गोष्ट वेगळी. तिथे अग्निशमन हे मुख्यतः स्थानिक संस्थेचे काम. महापालिकेचा बंब वेगळा, नगरपालिकेचा वेगळा, औद्योगिक वसाहतीत एमआयडीसीचा वेगळा. राज्याचे अग्निशमन संचालनालय आहे, २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदाही आहे आणि तो डिसेंबर २००८ पासून लागू आहे. पण गाडी, जवान आणि डिझेल ज्या त्या संस्थेचे. ग्रामपंचायतीकडे बहुधा यातले काहीच नसते. म्हणून गावात आग लागली की जवळच्या नगरपालिकेचा बंब, नाहीतर साखर कारखान्याचा बंब धावतो. धावतो हे खरे, माणुसकीने धावतो. पण हद्दीबाहेर गाडी पाठवायची का, तेवढ्यात शहरात काही झाले तर काय, खर्च कोणी द्यायचा, हे प्रश्न त्या गाडीबरोबर वेशीबाहेर जातातच.

याचा अर्थ इकडचे चांगले आणि तिकडचे वाईट, असा मुळीच नाही. राज्याच्या खात्यात नवे केंद्र हवे असेल, तर आपल्या गावाची मागणी बेंगळुरूपर्यंत जाऊन रांगेत उभी राहते. महापालिकेचे केंद्र असेल तर निदान नगरसेवकाला गाठून विचारता तरी येते. दोन्हीकडे ऊन-सावली आहे.

रुग्णवाहिकेचेही बघा. कर्नाटकात १०८ ची सेवा १ नोव्हेंबर २००८ ला ‘आरोग्य कवच’ नावाने सुरू झाली. महाराष्ट्रात १०८ आली २६ जानेवारी २०१४ ला. आकडा एकच, पण नियंत्रण कक्ष दोन, गाड्या दोन, राज्ये दोन. आता ११२ हा आकडाही दोन्हीकडे चालतो. त्या दुपारी आमच्या दिरांचा फोन जसा पलीकडे लागला, तसा सीमेवर कोणाचाही लागू शकतो. म्हणून फोनवर पहिले वाक्य ‘लवकर या’ हे नसावे. आधी राज्य, मग तालुका, मग गाव सांगावे. हे आम्ही एका रेडकाच्या मोलाने शिकलो.

एका आठवड्यातल्या दोन आगी

ऑगस्ट २०२४ चा पहिला आठवडा आपल्या भागातले लोक विसरणार नाहीत. ६ तारखेच्या रात्री बेळगाव तालुक्यातील नावगे गावच्या हद्दीत एका चिकटपट्टीच्या कारखान्याला भीषण आग लागली. एक तरुण कामगार आत अडकून गेला. कारखाना महापालिकेच्या हद्दीबाहेरचा, पण इतका मोठा की शहरातच असावा असे वाटावे.

दोनच दिवसांनी, ८ तारखेच्या रात्री, कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह पेटले. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केलेले हे नाट्यगृह. दुसऱ्या दिवशी, ९ ऑगस्टला, संगीतसूर्य केशवरावांची जयंती होती. आपल्याकडच्या किती मराठी-कन्नड घरांनी तिथे नाटके पाहिली असतील! माझ्या सासऱ्यांना कन्नड संगीत नाटकांचे वेड, पण तेही तरुणपणी निपाणीहून एस.टी.ने तिथे नाटक बघायला जात. त्या रात्री टीव्हीवर ज्वाळा बघून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले.

एक आग शहराबाहेर, एक शहराच्या पोटात. शहरात केंद्र जवळ असूनही आग थैमान घालू शकते आणि गावात केंद्र लांब असले तर ती घालणारच. शहरात बंब ५ ते ७ मिनिटांत आणि ग्रामीण भागात २० मिनिटांत पोचावा, असा निकष आपल्या देशात अग्निशमनाचे नियोजन करताना धरला जातो. हा निकष नीट वाचा. गाव ‘ग्रामीण’ असेल तर २० मिनिटे चालतील, ‘शहरी’ झाले तर ७ मिनिटांच्या आत हवा. म्हणजे गाव ज्या दिवशी शहरात जाते, त्या दिवशी बंबाने १३ मिनिटे लवकर येण्याचा हक्क गावकऱ्याला मिळायला हवा. पण अधिसूचना निघाली म्हणून केंद्र जवळ सरकत नाही!

कोल्हापूरची वेस

कोल्हापूरची नगरपालिका १८५४ ची. डिसेंबर १९७२ मध्ये तिची महापालिका झाली. क्षेत्र सुमारे ६७ चौरस किलोमीटर. तेव्हापासून आजवर कितीतरी प्रस्ताव झाले, पण हद्द काही वाढली नाही. गावांचा विरोध होता आणि आहे. त्यावर तोडगा म्हणून २०१७ मध्ये ४२ गावांसाठी नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण नेमले गेले. तरी प्रश्न मिटला नाही. पुन्हा प्रस्ताव, पुन्हा मोर्चे, पुन्हा गाव बंद.

माझ्या बहिणीच्या घरातच दोन पक्ष आहेत. तिचे सासरे म्हणतात, ‘‘शेती आहे तोवर गाव गावच राहू दे. पालिकेत गेलो की घरपट्टी वाढणार आणि शेतावर आरक्षण पडणार.’’ तिचा मुलगा शहरात नोकरीला. तो म्हणतो, ‘‘आजोबा, पाणी शहराचं पाहिजे, बस शहराची पाहिजे, बंब शहराचा पाहिजे, मग घरपट्टी द्यायला काय हरकत?’’ जेवताना हा वाद रोजचा. बहीण मध्ये बसून भाकरी थापते आणि म्हणते, ‘‘दोघंही बरोबर बोलताय, पण आधी जेवा.’’

मला वाटते, दोघेही खरेच बरोबर आहेत. शहराच्या सेवेचा आधार घ्यायचा आणि तिच्या खर्चात वाटा द्यायचा नाही, हे फार दिवस चालत नाही. आणि कर आधी घ्यायचा, सेवा मागाहून देऊ म्हणायचे, हेही चालू नये.

पुण्याने काय पाहिले

याबाबतीत पुण्याचा अनुभव सगळ्यांनी वाचण्यासारखा आहे. १९९७ मध्ये पुण्याच्या हद्दीत ३८ गावे घेतली गेली. पुढे विरोध वाढल्यावर त्यातली काही गावे परत वगळली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावे आली. ३० जून २०२१ च्या अधिसूचनेने आणखी २३ आली. पण २०१७ ला आत आलेल्या फुरसुंगी आणि उरुळी देवाची या गावांनी काही वर्षांतच ‘कर भरपूर, सुविधा अपुऱ्या’ अशी तक्रार लावून धरली आणि २०२४ मध्ये ती बाहेर पडली. आता तिथे स्वतंत्र नगरपरिषद आहे.

यात बंबाचा धागा असा. २०१५ मध्ये पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण स्थापन झाले. ज्या गावांत महापालिका नाही, त्यांच्यासाठी प्राधिकरणाने आपली अग्निशमन केंद्रे काढली. वाघोली हे त्यातले एक ठिकाण. २०२१ मध्ये वाघोली गाव महापालिकेत गेले. आता विचार करा, केंद्र एकाचे आणि गाव दुसऱ्याचे! केंद्राची इमारत कोणाला, गाडी कोणाला, जवान कोणाच्या हजेरीपटावर? आणि त्या केंद्रावर भिस्त ठेवून असलेल्या पण महापालिकेबाहेर राहिलेल्या पलीकडच्या वाड्यांनी कोणाकडे बघायचे? हद्दीची रेघ ओढली की असे प्रश्न आपोआप उभे राहतात. त्यांची उत्तरे रेघ ओढण्याआधी लिहून ठेवली तर बरे.

महाराष्ट्रात एक सोय मात्र आहे. नव्याने आलेल्या गावांची घरपट्टी एकदम शहराच्या दराने लावत नाहीत. आधी ग्रामपंचायतीचा दर, मग टप्प्याटप्प्याने वाढ, असे काही वर्षांत ती शहराइतकी होते. कराला टप्पे आहेत. सेवेलाही असेच टप्पे लिहून दिले असते, तर फुरसुंगीकरांना बाहेर पडावेसे वाटले नसते असे माझ्या साध्या मनाला वाटते.

भाच्याच्या बिलातली एक ओळ

माझा भाचा अमेरिकेत टेक्सास राज्यात ऑस्टिन शहराच्या बाहेर राहतो. गेल्या दिवाळीत तो आला होता. हा विषय निघाल्यावर त्याने मोबाईलवर आपल्या घराच्या कराचे बिल दाखवले. त्यात शाळेचा कर, काउंटीचा कर आणि आणखी एक वेगळी ओळ होती. ती ओळ तातडीच्या सेवांच्या जिल्ह्याची.

तिथे शहराबाहेरच्या वस्त्यांनी बंब आणि रुग्णवाहिका यांच्यासाठी आपला छोटा जिल्हा करायचा, अशी कायद्यात सोय आहे. तो करायचा की नाही हे तिथले मतदार ठरवतात. मालमत्तेच्या दर १०० डॉलर मूल्यामागे जास्तीत जास्त १० सेंट एवढाच कर लावता येतो. त्या पैशातून बंब, रुग्णवाहिका, माणसे.

मग शहर वाढत वाढत तिथे पोचले तर? शहराने ती जमीन हद्दीत घेतली म्हणून ती या छोट्या जिल्ह्यातून आपोआप निघत नाही. ‘यापुढे इथे तातडीची सेवा आम्हीच देणार’ असे शहराने त्या जिल्ह्याच्या मंडळाला लेखी कळवावे लागते. आणि त्या जिल्ह्याने बंबांसाठी जे कर्ज काढलेले असते, त्यातला त्या जमिनीच्या वाट्याचा हिस्सा शहराला भरावा लागतो. कारण चांगला कर देणारा भाग शहराने उचलून नेला, तर मागे राहिलेल्यांच्या डोक्यावर कर्ज तेवढेच आणि उत्पन्न मात्र कमी! शिवाय २०१९ पासून तिथे बहुतेक ठिकाणी लोकांच्या संमतीशिवाय जमीन शहरात घेता येत नाही.

आपण काही टेक्सास नाही आणि तिथलेही सगळे आलबेल नाही. भाचाच सांगत होता, शहर आणि हे जिल्हे यांच्यात वाद होतातच. पण दोन गोष्टी मला आवडल्या. एक, ‘आम्हीच देणार’ हे लेखी द्यावे लागते. दुसरी, मागे राहणाऱ्यांचा हिशेब आधी चुकता करावा लागतो. आपल्याकडे एका ग्रामपंचायतीत चार-पाच वाड्या असतात. त्यातले रस्त्यालगतचे, कारखान्यांचे गाव शहरात गेले, तर उरलेल्या वाड्यांची पंचायत कशावर चालणार? हा प्रश्न आपण कधी विचारतो का?

बेळगावच्या वेशीवर

बेळगाव शहर हे मुळात गावे जोडूनच झाले आहे. शहापूर हे सांगली संस्थानचे, बेळगाव ब्रिटिशांचे. स्वातंत्र्यानंतर दोन्ही एक झाली. तरी शहापुरातली जुनी माणसे अजूनही ‘बेळगावात जाऊन येतो’ असेच म्हणतात! आज महापालिकेत ५८ प्रभाग आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ४ लाख ८८ हजारांच्या आसपास होती, पण आजूबाजूची वस्ती धरून तो आकडा ६ लाखांच्या पुढे जात होता. म्हणजे तेव्हाच लाखभराहून अधिक माणसे शहरासारखी राहत होती, पण शहरात नव्हती. कंग्राळी, हिंडलगा, बेनकनहळ्ळी, मुतगा या बाजूंना जाऊन बघा. शहर कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते, हे पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. मच्छे आणि पिरनवाडी ही गावे तर पट्टण पंचायती झाली आहेत. कॅन्टोन्मेंटचा नागरी भाग पालिकेला जोडण्याचा विषयही देशभर निघाला आहे. हिमाचलातल्या योल कॅन्टोन्मेंटपासून २०२३ मध्ये त्याची सुरुवात झाली.

आपल्याकडे बंब राज्याचा, मग हद्दवाढीने काय फरक पडतो, असे कोणी म्हणेल. पडतो. बंब कोणाचा हे बदलत नाही, पण तो पोचणार कसा हे बदलते. गाव शहरात गेले की दोनमजली घराच्या जागी पाचमजली इमारत उभी राहते. गल्ली मात्र बैलगाडीच्या मापाचीच राहते. परवाने कोण देणार, रस्ता किती फुटांचा ठेवणार, टाकी रिकामी झाल्यावर बंब पाणी कुठे भरणार, जुन्या विहिरी बुजवायच्या की राखायच्या, हे सगळे पालिकेच्या हातात जाते. बंब खात्याचा असला तरी वाट आणि पाणी पालिकेचे. आमच्या गंज्या जळाल्या तेव्हा बंबाला दुसऱ्यांदा पाणी मिळाले ते शेजारच्या शेतातल्या विहिरीचे. ती विहीर प्लॉटखाली बुजली असती तर?

आणखीही गोष्टी आहेत. रोजगार हमीची कामे ग्रामीण भागासाठीच असतात, गाव शहरात गेले की त्या कामावर जाणाऱ्या बायकांची मजुरी थांबते. कर्नाटकात सीईटीच्या प्रवेशांत ग्रामीण भागात पहिली ते दहावी शिकलेल्या मुलांना १५ टक्के जागा असतात. गाव शहरी झाले की पुढच्या मुलांचे काय, हे आई-बाप विचारणारच. घराचा उतारा ई-स्वत्तूमधून ई-आस्तीत न्यायचा, म्हणजे कचेरीचे हेलपाटे आलेच. हे सगळे तराजूच्या एका पारड्यात. दुसऱ्या पारड्यात नळाचे पाणी, भुयारी गटार, रस्त्यावरचे दिवे आणि बस. कोणाचे पारडे जड हे प्रत्येक गावाने आपले आपण बघावे. माझे म्हणणे एवढेच, की बंबालाही त्या तराजूत एक जागा द्यावी.

हरकत लिहिताना

हद्दवाढ होताना आधी मसुदा निघतो, लोकांच्या हरकती मागवल्या जातात, मग शेवटची अधिसूचना निघते. हरकत म्हणजे नुसते ‘विरोध आहे’ किंवा ‘पाठिंबा आहे’ असे लिहून अंगठा देणे नव्हे. त्यात प्रश्न विचारता येतात. अशा वेळी महिला मंडळाने, स्त्रीशक्ती संघाने एकत्र बसून पुढचे प्रश्न जरूर लिहावेत. मराठीत लिहा आणि कन्नडमध्येही लिहा. आपल्या घरात दोन्ही येणारे कोणी ना कोणी असतेच.

पहिला प्रश्न : आमच्या गावाला सध्या कोणत्या केंद्राचा बंब येतो, आणि उद्या कोणत्या केंद्राचा येईल? दुसरा : शहरी निकषाप्रमाणे वेळेत पोचायचे तर नवे केंद्र हवे, त्यासाठी गावठाणातली जागा राखून ठेवणार का? तिसरा : बंब आत येईल एवढ्या रुंदीच्या गल्ल्या किती, आणि ज्या नाहीत तिथे काय सोय? चौथा : विहिरी, तलाव आणि टाक्या यांतली पाण्याची कोणती ठिकाणे बंबासाठी राखणार? पाचवा : आमच्या पंचायतीतल्या ज्या वाड्या बाहेर राहतील, त्यांचे काय? या पाचही प्रश्नांची उत्तरे लेखी मागावीत. तोंडी उत्तर वाऱ्यावर जाते आणि वारा फाल्गुनातला असतो!

आमच्या घरी आता दोन बदल झाले आहेत. गवतगंजी घरापासून आणि तारांपासून लांब रचतो, तीही एक मोठी न रचता छोट्या छोट्या. आणि दाराच्या मागे खडूने मोठ्या अक्षरांत दोन्ही भाषांत लिहून ठेवले आहे : राज्य कर्नाटक, तालुका निपाणी, गावाचे नाव, जवळची खूण. त्याखाली १०१, १०८, ११२ आणि जवळच्या अग्निशमन केंद्राचा साधा नंबर. नातवंडांकडून ते पाठ करून घेतले आहे.

परवा बहीण मुलांना घेऊन आली होती. पुन्हा तोच वाद निघाला, गाव शहरात जावे की नाही. सासूबाई पडवीत बसून शेंगा फोडत होत्या. बराच वेळ ऐकून घेतल्यावर त्या आपल्या भाषेत म्हणाल्या, ‘‘ऊरु यारदादरू आगली, नीरु बेग बरली.’’ गाव कोणाचेही होवो, पाणी लवकर येवो. मग गोठ्याकडे बघत गप्प झाल्या. ते रेडकू त्यांनीच हाताने दूध पाजून वाढवले होते.